बाटलीचे पाहुणे

तुळशीदास वायरमनच्या घरी येणाऱ्या माणसांचे दोन प्रकार होते, आणि माणूस फाटकात असतानाच तो कुठल्या प्रकारचा हे त्याची बायको द्रौपदा ओळखायची. एक कपाचे पाहुणे, दुसरे बाटलीचे. कपाचे म्हणजे सोयरेधायरे, विहारात येणारी माणसं, वीज बोर्डातले सोबती. त्यांच्यासाठी चहा टाकला जायचा. बाटलीचे म्हणजे निमगाव सावातले आणि आजूबाजूच्या मळ्यांतले मराठा शेतकरी. त्यांच्यासाठी स्टँडवरच्या भगवंताच्या दुकानातून कोल्ड्रिंकची बाटली यायची.

तुळशीदासचं घर बौद्धांचं. त्याच्या वडिलांनी दीक्षा घेतली त्याला जमाना लोटला होता, भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, हाताला बोर्डाची कायमची नोकरी होती, आणि तुळशीदास खांबावर चढल्याशिवाय गावातली एक मोटार पाणी उचलत नव्हती. त्यामुळं घरी राबता फार. पण द्रौपदानं चहाचं नाव काढलं की आलेल्या शेतकऱ्याला हटकून आठवायचं की आपण चहा घेऊनच निघालोय.

"नको वैनी, आत्ताच झाला."

ट्रान्सफॉर्मर उडाला म्हणून उजाडायच्या आत अंगावर घोंगडं टाकून आलेला माणूसही हेच म्हणायचा. ज्याच्या घरी अजून कुणी उठलेलं नसायचं, त्याचाही चहा झालेला असायचा. असल्या चपळ बायका गावात इतक्या जणांना कशा मिळाल्या याचं द्रौपदाला नवल वाटे.

बाटलीचा शोध लागला नव्वद सालच्या उन्हाळ्यात. भगवंतानं नुकताच फ्रीज घेतला होता. कुशाबा नावाचा शेतकरी भर दुपारी मोटारीची तक्रार घेऊन आला, चहा नको म्हणाला, पाणीही नको म्हणाला, आणि घाम पुसत ओट्यावर बसून राहिला. तुळशीदासला ते बघवेना. तो स्वतः जाऊन नारंगी रंगाची गार बाटली घेऊन आला आणि कुशाबासमोर तिचं झाकण उडवलं. कुशाबानं बाटली एका दमात संपवली आणि ढेकर देऊन म्हणाला, "बेस झालं राव." बाटलीत काय होतं? साखर आणि पाणीच. पण ते बंद झाकणाखालचं पाणी होतं. त्याला या घरातल्या कुणाचा हात लागलेला नव्हता. कंपनीतल्या कुणाचा तरी लागला असणार, आणि कंपनीतल्या माणसांची चौकशी करायला कुशाबा थोडाच जाणार होता!

तेव्हापासून घरात बाटल्यांचा क्रेट येऊन पडायला लागला. द्रौपदानं एकदा बाटलीबरोबर काचेचा ग्लास ठेवला होता. पाहुणा म्हणाला, "कशाला वैनी धुन्याचं काम वाढवता?" आणि बाटली तोंडाला लावली. पुन्हा तिनं ग्लास ठेवला नाही.

तुळशीदास भित्रा होता असं कुणी समजू नये. अकरा हजार व्होल्टच्या लाइनीशेजारी तो बिडी ओढायला बसल्यासारखा बसे. पण समोरचा माणूस अवघडला की याला घाम फुटायचा. त्यानं घरात नियमच करून टाकला : यांना चहा विचारायचाच नाही. विचारला नाही म्हणजे त्यांच्यावर नको म्हणायची पाळी येत नाही आणि आपल्यावर ते ऐकायची. थेट बाटली फोडायची. सगळं कसं गोडीत. द्रौपदालाही पुढं पुढं हे सोयीचं वाटायला लागलं. कुशाबानं चहा घेतला काय आणि न घेतला काय, तिचं काही अडत नव्हतं.

अडत होतं ते एकाच माणसाशी. साळुबाईशी.

साळुबाई म्हणजे चांगदेवची बायको. नदीकडच्या मळ्यात त्यांची बागायत. तुळशीदास बोर्डात कायम व्हायच्या आधी द्रौपदा त्यांच्याकडे कांद्याच्या खुरपणीला जायची. दोघी एका वयाच्या. एका वाफ्यात शेजारी शेजारी बसून दोघींनी किती उन्हाळे काढले. द्रौपदाचं बोट विळ्यानं फाटलं तेव्हा साळुबाईनं अंगावरच्या नव्या लुगड्याची चिंधी टरकावून बांधली होती, आणि त्यावरून सासूच्या शिव्या खाल्ल्या होत्या. साळुबाईच्या घरी द्रौपदाला चहा मिळायचा, पण त्याचा कप वेगळा, गोठ्याच्या भिंतीवर पालथा घातलेला. तो द्रौपदानंच घ्यायचा, द्रौपदानंच धुवायचा. पुढं कप जाऊन स्टीलचा पेला आला, तो घरात ठेवायला लागले. त्या कपाबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत.

द्रौपदाला एकच वाटायचं. साळुबाईनं एकदा आपल्या घरात बसून आपल्या हातचा चहा प्यावा. ऐकणाऱ्याला हसू येईल इतकी लहान इच्छा. तुळशीदाससमोरही तिनं ती कधी काढली नव्हती. पण मनात होती, आणि वयाबरोबर कमी व्हायच्या ऐवजी वाढत चालली होती.

दोन हजार तीन साली थोरला रुपेश मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन म्हणून लागला. बाप खांबावर, पोरगा समुद्रावर. त्याच्यासाठी म्हणून घरात टेलिफोन आला. जहाज बंदराला लागलं की रुपेश फोन करायचा, पण सांगायला त्याच्याकडे काही नसायचं. समुद्र सगळा सारखाच. आई विचारणार जेवलास का, हा म्हणणार जेवलो. पैसे जात राहायचे आणि दोघं गप्प. मग एकदा तो डरबनहून म्हणाला, "आई, इथं कोल्ड्रिंकला कूलड्रिंक म्हणतात. आपल्याच बाजूची माणसं वाटतात." द्रौपदा खळखळून हसली, आणि मायलेकांना विषय मिळाला.

तेव्हापासून प्रत्येक बंदराला रुपेश तेवढं नाव काढून आणायचा. लागोसला त्याला मिनरल म्हणतात. ब्राझीलला रेफ्रिजेरांते. "हे तर फ्रिजचंच नाव झालं की!" द्रौपदा म्हणाली. अमेरिकेत तर एका देशात तीन तऱ्हा : वर डेट्रॉइटला पॉप, बाल्टिमोरला सोडा, आणि खाली न्यू ऑर्लिन्सला कुठलीही बाटली मागा, ते कोकच म्हणणार आणि मग विचारणार, कुठला कोक? ग्लासगोला म्हातारी माणसं कसल्याही बाटलीला जिंजर म्हणतात.

"मंजी आलं? आलं घालत्यात का त्यात?"

"नावालाच, आई."

"मग कशाला नाव ठिवायचं," द्रौपदा म्हणाली. आल्याच्या बाबतीत तिला चेष्टा चालत नसे.

साळुबाईचा धाकटा भरत त्याच सुमारास सौदीला दमामला एसी दुरुस्तीच्या कामावर गेला. मळ्यापर्यंत टेलिफोनची तार पोचलेली नव्हती आणि मोबाइलची रेंज नारायणगाव सोडलं की संपायची. रस्त्याकडेला फोन असलेलं ओळखीचं घर एकच. चांगदेवनं तुळशीदासला विचारलं, तुळशीदास म्हणाला, "भाऊ, हे काय इचारायचं झालं?" भरतची सुट्टी शुक्रवारी, म्हणून दर शुक्रवारी दुपारी चांगदेव बायकोला मोटरसायकलवरून द्रौपदाच्या फाटकात सोडायचा आणि स्वतः सोसायटीत जाऊन बसायचा. साळुबाई आत येऊन फोनशेजारच्या खुर्चीत बसायची. मग तुळशीदास किंवा द्रौपदा बाटली फोडायची, आत स्ट्रॉ घालायची आणि तिच्या हातात द्यायची.

म्हणजे ज्या बाईनं आपल्या घरात येऊन बसावं असं द्रौपदाला जन्मभर वाटत होतं, ती आता दर आठवड्याला येऊन बसत होती. आणि बाटली पीत होती.

गप्पा मात्र रंगायच्या. भरतचा फोन लागेपर्यंत द्रौपदा रुपेशनं सांगितलेली नावं तिला सांगायची. साळुबाई भरतकडून माहिती काढायची.

"आमचा भरत म्हनतो, तिकडं अरबी लोकं समद्यालाच बेब्सी म्हनत्यात. त्यास्नी प म्हनता येत न्हाई."

"नारंगीला बी?"

"नारंगीला बी. काय बी मागा, बेब्सी."

"आन आपल्याकडं पेप्सी मंजी पोरं चोखत्यात ती बर्फाची कांडी!"

दोघी डोळ्यांतून पाणी येईतो हसायच्या. लेण्याद्रीच्या पायऱ्या आणि आळेफाटा यापलीकडं फारसं न गेलेल्या दोन बायका, पण कुठल्या मुलखात काय मागावं हे त्यांना पाठ झालं होतं.

एकदा रुपेशचा फोन नेमका शुक्रवारी आला. साळुबाई समोरच होती. द्रौपदानं सगळं ऐकून घेतलं आणि एकदम विचारलं, "आन चहाला रं काय म्हनत्यात?"

फोन ठेवल्यावर तिनं साळुबाईला सांगितलं, "चहाला लई नावं न्हाईत म्हनतो. कुटं चा, कुटं टी. कुटंबी मागितला तर मिळतो, म्हनला."

साळुबाईनं स्ट्रॉ तोंडातून काढली आणि बाटलीवरची अक्षरं वाचायला लागली. तिला वाचता येत नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात साळुबाईच्या पायाला ठेच लागली आणि जखम भरेना. चांगदेव तिला आंबेगाव तालुक्यात मंचरला एका दवाखान्यात घेऊन गेला. तिथं द्रौपदाची धाकटी लेक कल्याणी नर्स होती. रक्त तपासलं, साखर भरपूर निघाली. डॉक्टरांनी सांगितलं ते कल्याणीनं मराठीत करून सांगितलं : "मावशी, गोड बंद. कोल्ड्रिंक तर आजिबात न्हाई." आणि त्याच संध्याकाळी तिनं आईला फोन केला. "आई, साळूमावशीला बाटली देऊ नको." फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "मग काय देशील?"

द्रौपदाला रात्रभर वाटत राहिलं की आता वेळ आली. तिनं कपाटातले चांगले कप काढून विसळून ठेवले.

पण तुळशीदासनं परस्पर मार्ग काढला. शुक्रवारी सकाळी तो म्हणाला, "शहाळं आनू का? त्याला निसर्गाचंच सील असतंय."

"त्यात गोड नसतंय व्हय?"

तुळशीदास बाहेर गेला तो भगवंताच्या दुकानातून विकतच्या पाण्याची बाटली घेऊन आला. बंद झाकणाची. द्रौपदा ती बाटली बघत राहिली. चाळीस पावलांवर विहीर होती, मळ्यात दोघींनी एका काळी एकाच पाटाचं पाणी कांद्याला पाजलं होतं, आणि हा माणूस साळुबाईला द्यायला पाणी विकत घेऊन आला होता. तिला नवऱ्याचा राग आला, इतका की तिनं तोंडातून शब्द काढला नाही. तुळशीदासला वाटलं पसंत पडलं. तो लाइनीवर निघून गेला.

दुपारी साळुबाई आली, लंगडत खुर्चीत बसली. द्रौपदानं पाण्याची बाटली तिच्यापुढं ठेवली.

"पानी इकत?" साळुबाईला हसू आलं. "माजी बया! कशापायी गं?" पण तिनं झाकण फिरवलं आणि घोटभर प्यायली.

भरतचा फोन काही लागेना. रुपेशचा फोन आदल्या दिवशी योकोहामाहून येऊन गेला होता. वेळ काढायचा म्हणून द्रौपदानं सांगितलं की जपानात बाटलीला रामुने म्हणतात, आणि ती आपल्या गोटीसोड्याच्या बाटलीसारखीच असते, गोटी आत ढकलूनच फोडायची. साळुबाईला गोटीची मोठी गंमत वाटली.

"एवढ्या मुलखांची नावं झाली," ती म्हणाली, "आन तुमच्या घरात काय म्हनत्यात गं ह्याला?"

तिनं सहज विचारलं होतं. द्रौपदा कोल्ड्रिंक म्हणून मोकळी झाली असती. पण साळुबाईच्या बोटांत ते झाकण फिरत होतं, आणि द्रौपदाचं लक्ष तिकडं होतं.

"आमच्यात ह्याला चहानको म्हनत्यात."

"काय?"

"चहानको. कल्याणीनं ठिवलेलं नाव हाय. ल्हान व्हती, नुकती शाळंत जाया लागली व्हती. हितं येनारा माणूस बसला की पयलं म्हनायचा चहा नको, मग बाटली यायची. तिला वाटलं हेच नाव हाय त्येचं. ज्याला पायजेल तो नाव घेऊन मागतोय. रिकामी बाटली घेऊन भगवंताच्या दुकानात गेली आन म्हनली, एक चहानको द्या. समदं स्ट्यांड हसलं. आमी बी हसलो. मग तेच नाव पडलं."

साळुबाई हसली. तोंड उघडं टाकून हसली. मग तिचं हसू कमी कमी होत गेलं आणि तिनं बाटली खाली जमिनीवर ठेवली.

"म्या कदी म्हनलं न्हाई चहा नको."

"तुमाला आमी कदी इचारलाच न्हाई."

"का न्हाई इचारला?"

"दुसऱ्याचा 'नको' मला सोसतो, वैनी. तुमी म्हनला असता तर सोसला नसता."

तेवढ्यात फोन वाजला. दमामचा होता. साळुबाई एरवी भरतशी तोंड न मिटता बोलायची. त्या दिवशी तिनं बरं हाय, पाय बरा हाय, जेवतो न्हवं, एवढंच म्हटलं आणि रिसिव्हर ठेवला. चांगदेवची मोटरसायकल यायच्या आधीच ती फाटकात जाऊन उभी राहिली. पाणी अर्धं तसंच राहिलं.

पुढच्या शुक्रवारी ती आली नाही. भरतचा फोन आला, द्रौपदानं सांगितलं की आई आली नाही बाबा. त्याच्या पुढच्या शुक्रवारी भरतचा फोनही आला नाही. मग तुळशीदासनंच बातमी आणली : टेकडीवर टॉवर उभा राहिलाय, मळ्यात रेंज येते, भरतनं आईला मोबाइल धाडलाय. आता तिला कुणाच्या घरी येऊन बसायची गरज नाही.

म्हणजे ती मोबाइलमुळं येत नव्हती की त्या बोलण्यामुळं, हेही कळायची सोय राहिली नाही. द्रौपदाला फार वाईट वाटलं. बाटली तर बाटली, बाई दर शुक्रवारी समोर बसत तरी होती, दोन घटका हसत होती. आपणच जिभेला आवर घातला नाही, असं तिला वाटायचं. आणि भाकरी थापताना दुसऱ्याच क्षणी वाटायचं, बोलले ते खोटं काय होतं त्यात? या दोन वाटण्यांमध्ये तिचे बरेच आठवडे गेले. रुपेशनं कुठल्याशा बंदराहून नवं नाव सांगितलं, ते तिनं नीट ऐकलंही नाही.

एक मात्र केलं. घरातला बाटल्यांचा क्रेट तिनं भगवंताला परत पाठवला. तुळशीदास संध्याकाळी आला आणि कोपरा रिकामा बघून चपापला.

"लोकं आली तर काय द्यायचं?"

"चहा इचारीन."

"अगं, लोकांना अवघडल्यासारखं हुतं."

"पंधरा वर्सं मला झालं," द्रौपदा म्हणाली. "आता थोडं त्यास्नी हु द्या."

तुळशीदासनं हातपाय धुतले आणि बराच वेळ टॉवेलनं पुसत राहिला. पण क्रेट परत आणला नाही, हेही खरं.

फार काही उलथापालथ झाली नाही. कुशाबाचा चहा नेहमीप्रमाणं आत्ताच झालेला होता, तो कोरड्या घशानं बसला आणि लवकर उठला. एकदोन तरणी पोरं, मोटारीच्या घाईत असलेली, चहा घेऊन गेलीही, आपण काही विशेष केलं असं त्यांच्या ध्यानातही आलं नाही. द्रौपदाला त्याचा आनंद झाला नाही आणि दुःखही. तिचं लक्ष फाटकाकडं असायचं.

दिवाळी होऊन गेली होती, टोमॅटोचे क्रेट भरून गाड्या नारायणगावला पळत होत्या. एका मंगळवारी दुपारी फाटकात मोटरसायकल थांबली. साळुबाई उतरली. चांगदेव म्हणाला, "सोसायटीत जाऊन येतो," आणि गेला. साळुबाई पायऱ्या चढून आली आणि त्याच खुर्चीत बसली. फोनची वेळ नव्हती, तिचा मोबाइल तिच्या कमरेच्या पिशवीत होता, पायाची जखमही भरली होती. येण्याचं काही कारण दिसत नव्हतं.

दोघींनी पोरांची विचारपूस केली. मग साळुबाईनं क्रेट असायचा त्या रिकाम्या कोपऱ्याकडं बघितलं.

"इचार की," साळुबाई म्हणाली.

"काय?"

"काय त्ये. माज्या तोंडानं वदवून घेनार हायेस का?"

द्रौपदा उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. पन्नाशीच्या बाईला असं व्हावं याची तिची तिलाच लाज वाटली.

"चहा घेता का, वैनी?"

"घेते. बिनसाखरेचा टाक."

आत जाऊन द्रौपदानं गॅस पेटवला तर काडी दोनदा विझली. आलं ठेचलं, ते जरा जास्तच ठेचलं. चहा चांगला उकळू दिला, दूध घातलं, आणि कपाटातला कप काढला, तो पुन्हा एकदा विसळला. कपबशी घेऊन बाहेर येताना बशीत थोडा चहा सांडला. साळुबाईनं कप दोन्ही हातांनी घेतला, फुंकर मारली आणि प्यायली. चांगला मोठा घोट घेतला.

"कडू हाय गं."

"साखर न्हाई ना."

"आलं लई हाय."

"हाय थोडं."

"बरं लागतंय पन," साळुबाई म्हणाली आणि दुसरा घोट घेतला. द्रौपदा समोर बसून तिच्याकडं बघत राहिली. इतकी वर्षं मनात धरलेली गोष्ट होत होती, आणि ती अशी चटकन, साधीच होत होती. द्रौपदाला आनंद झाला. उघड सांगायचं तर तिला रडू येत होतं.

कप निम्मा झाला तेव्हा साळुबाईनं फाटकाकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ह्यास्नी बोलू नगंस हां. घरात उगा कालवा हुतो."

द्रौपदाचं रडू तिथल्या तिथं आटलं. तिनं हातानं पदर सारखा केला. साळुबाईचा तिला राग आला नाही, पण जे मिळालं ते चोरून मिळालं, हे तिला लागलं.

"मी आपनहून सांगनार न्हाई," ती म्हणाली. "पन कुनी इचारलं तर खोटं बोलनार न्हाई, वैनी. आता न्हाई."

साळुबाई काही बोलणार, तोच रस्त्यावर मोटरसायकलचा आवाज आला. सोसायटी बंद असावी. चांगदेव फाटकाशी येऊन थांबला, गाडी चालूच. साळुबाईचा कपाचा हात खुर्चीच्या आडोशाला गेला. तिथं तो जरा वेळ राहिला. मग हळूहळू पुढं आला आणि कप तिच्या मांडीवर, सगळ्यांना दिसेल असा येऊन बसला.

चांगदेवनं बघितलं. बायकोकडं बघितलं, कपाकडं बघितलं, मग गाडीच्या पेट्रोलच्या टाकीकडं बघितलं.

द्रौपदा उठून ओट्यावर आली. या माणसाला तिनं जन्मात कधी विचारलं नव्हतं.

"भाऊ, या. चहा घ्या."

"नको नको," चांगदेव घाईनं म्हणाला. "आत्ताच झाला."

इथं एरवी तुळशीदास पायात चपला सरकवून भगवंताच्या दुकानाकडं निघाला असता, आणि हसत हसत सगळं निभावून गेलं असतं. आज कुणी निघालं नाही.

"बरं," द्रौपदा म्हणाली, आणि परत येऊन साळुबाईसमोर बसली.

चांगदेव फाटकातच राहिला. पुढं काय म्हणायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या नकोनंतर आजवर नेहमी काहीतरी हातात यायचं. त्यानं दोनदा गाडीची मूठ पिळली. "चल मग," तो बायकोला म्हणाला.

साळुबाईनं उरलेला चहा संपवला. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. मग उठायच्या ऐवजी तिनं कप द्रौपदापुढं धरला आणि फाटकात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अर्धा कप आजून दे."

द्रौपदा कप घेऊन आत गेली. बाहेर चांगदेवनं गाडी बंद केली.